भ्रमणध्वनीवरील भरणा आणि भाजीविक्रेत्याची वही

अमरावतीचा इतवारा असो वा अकोल्याचा जनता भाजी बाजार, तराजूशेजारी क्यूआर कोडची पाटी आता हटकून दिसते. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआय पद्धतीने सुट्या पैशांची कटकट बरीच कमी केली. तथापि खरा लाभ निराळाच आहे. ज्याच्या धंद्याची कोठेही नोंद नव्हती, त्याची विक्री बँकेच्या खात्यात आपोआप उमटू लागली. जून २०२० पासूनच्या पंतप्रधान स्वनिधी योजनेत पथविक्रेत्यांस विनातारण १०,००० रुपयांचे पहिले कर्ज मिळू लागले. २०२५ मध्ये ही मर्यादा १५,००० रुपये झाली. वेळेवर हप्ते फेडणाऱ्यास ७ टक्के व्याज-अनुदान आहे.

परंतु खात्यातील जमा म्हणजे नफा नव्हे. समजा, दिवसाची विक्री हजाराची व खरेदी आठशेंची झाली. उरलेल्या दोनशेंतून हमाली, गाडीभाडे आणि सडलेली मेथी वजा करावयाची असते. ही वजाबाकी यंत्र करीत नाही. घरखर्चही त्याच खात्यातून होत गेला, तर पहाटे अडत्याकडे द्यावयाची रक्कम अपुरी पडते आणि विक्रेता पुन्हा सावकाराच्या दारी जातो. म्हणून धंद्याचे खाते स्वतंत्र ठेवावे, आणि खरेदी व नासाडी रोज सायंकाळी साध्या वहीत मांडावी.