शिदोरीवरचा कागद

डोंगरावर जायचे म्हटले की आपण काय काय बरोबर घेतो? भाकरी घेतो, ठेचा घेतो, पाण्याची पिशवी घेतो. म्हातारे माणूस काठी घेते. डोक्याला पागोटे किंवा पदर असतोच. एवढे घेतले की तयारी झाली असे आपल्याला वाटते.

पण एक गोष्ट राहते. ती म्हणजे बातमी. तिला वजन नाही आणि पैसाही पडत नाही. तरी ती बरोबर नसली तर जीवावर बेतू शकते. ते कसे, हे आज आपण पाहू.

आपले डोंगर

आपल्या नाशिक जिल्ह्याला डोंगरांची उणीव नाही. पश्चिमेला त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी आहे, जवळच अंजनेरी आहे. उत्तरेला बागलाणात साल्हेरचा किल्ला आहे. त्याची उंची १,५६७ मीटर. महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला तो हाच. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा मानले, त्यांत साल्हेरही आहे. आणि हातगडापासून मनमाडपर्यंत पूर्व-पश्चिम पसरली आहे ती सातमाळा रांग. सप्तशृंगी, धोडप, राजदेहेर, इंद्राई, अंकाई-टंकाई हे सारे याच रांगेतले.

पण सगळे डोंगर सारखे नाहीत. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मालेगाव, नांदगाव, येवला या भागात पाच-सहाशे मिलिमीटरही मुश्किलीने पडतो. ढग पश्चिमेच्या घाटावर रिकामे होतात आणि पूर्वेकडे कोरडा वारा तेवढा येतो. म्हणून पूर्वेचे डोंगर चैत्र-वैशाखात अगदी उघडे पडतात. झाड नाही, सावली नाही. गवत वाळून पिवळे होते. किल्ल्यावर जुन्या लोकांनी कातळात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. पण फाल्गुन सरला की त्यांतली बरीच आटतात. उरलेले पाणी हिरवे पडते. काळा कातळ दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडतो. अशा वाटेवर चालणे म्हणजे तापल्या तव्यावर चालणे.

आमची चूक

आता आमचीच एक गोष्ट सांगतो.

चैत्रात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगी गडावर यात्रा असते. खानदेशातून, मालेगावकडून हजारो माणसे पायी येतात. काही वर्षांमागे आम्हीही कळवणच्या बाजूने निघालो. आम्ही चौदा जण होतो. पहाटे चालू लागलो. अकराच्या सुमारास गडाच्या पायथ्याशी नांदुरीला पोहोचलो. झाडाखाली बसलो. ठरले असे की भाकरी खायची आणि लगेच पायवाटेने गड चढायचा, म्हणजे दिवस मावळायच्या आत दर्शन होईल.

भाकऱ्या आमच्या घरून बांधलेल्या होत्या. वरचा कागदही आमच्याच घरचा, मंगळवारच्या वर्तमानपत्राचा. त्या दिवशी बुधवार होता.

आमच्यात एक मावशी होत्या. वय पन्नाशीच्या पुढे. त्या वर्षीच साक्षरतेच्या वर्गात जाऊन अक्षरे शिकल्या होत्या. नवे शिकलेल्या माणसाला जिथे अक्षर दिसेल तिथे वाचावेसे वाटते. त्यांनी भाकरी हातात घेतली आणि तेलाचे डाग पडलेला तो कागद डोळ्यांसमोर धरला. एकेक अक्षर लावत त्या म्हणाल्या,

"उ... ष्ण... ते... ची... लाट. गुरुजी, लाट तर समुद्राला असते ना? मग उष्णतेची लाट कशी?"

आम्ही हसून म्हणालो, "अहो मावशी, जेवा आधी."

मावशी काही ऐकेनात. "पुढं आपल्या जिल्ह्याचं नाव आहे. बुधवार लिवलंय. आज बुधवारच की!"

मग आम्ही कागद घेतला आणि चष्मा लावून वाचला. हवामान खात्याचा इशारा होता. बुधवारपासून तीन दिवस उष्णतेची लाट येणार, दुपारी बारा ते चार उन्हात चालू नये, असे त्यात स्पष्ट छापले होते. आम्ही गप्प झालो. चाळीस वर्षे मुलांना वाचायला शिकवले, रोज वर्तमानपत्र घेतले, आणि निघायच्या गडबडीत ते न उघडताच भाकरीला गुंडाळले.

तेवढ्यात कोणीतरी म्हणाले की बरोबरचा एक तरुण मघापासून बोलत नाही. जाऊन पाहिले. तो डोळे मिटून बसला होता. अंग तापले होते. हाक मारली तर भलतेच उत्तर देत होता. बायांनी लुगडी भिजवून त्याच्या अंगावर घातली. दोघांनी टॉवेलने वारा घातला. दोघे धावत जाऊन गाडी घेऊन आले. त्याला दवाखान्यात नेले. तिथे सलाईन लावले आणि रात्रीपर्यंत तो सावध झाला. डॉक्टर म्हणाले, "हा आणखी तासभर चढला असता तर आमच्याकडे आणून उपयोग नव्हता."

आम्ही राहिलेले तिथेच सावलीला थांबलो. दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता गड चढू लागलो. ऊन तापायच्या आत सगळे वर होतो. मावशी सर्वांच्या पुढे होत्या.

उष्णतेची लाट म्हणजे काय?

मावशींच्या प्रश्नाला तेव्हा आम्ही हसलो. पण प्रश्न चांगला होता. उत्तर असे. उन्हाळ्यात राजस्थानच्या वाळवंटाकडून कोरडी, तापलेली हवा आपल्याकडे वाहत येते. ती काही दिवस राहते आणि ओसरते. लाटेसारखी येते व जाते, म्हणून तिला लाट म्हणतात. सपाट प्रदेशात पारा ४० अंशांवर गेला, आणि तो नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा अधिक चढला, म्हणजे हवामान खाते उष्णतेची लाट जाहीर करते.

कोणी म्हणेल, "आमच्याकडे दरसाल ऊन असतं. आम्हाला सवय आहे." सवयीवर फार भरवसा ठेवू नये. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईजवळ खारघरच्या मैदानावर मोठा समारंभ झाला. लोक तासन्‌तास उघड्या उन्हात बसले होते. त्या दिवशी तिथे पारा चाळीसला पोहोचलाही नव्हता, पण हवा दमट होती. उन्हाचा त्रास होऊन १४ माणसे दगावली. ती माणसेही उन्हाची सवय असलेलीच होती.

इशारा कसा वाचावा?

भारताचे हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. ते रोज अंदाज देते. वर्तमानपत्रात, आकाशवाणीवर, दूरदर्शनवर तो येतो. आता मोबाईलवरही येतो. वाचताना चार गोष्टी पाहाव्या.

पहिली गोष्ट, गाव. इशारा आपल्या जिल्ह्याचा आहे का? दुसरी, तारीख आणि वार. जुना इशारा आज पुन्हा कोणी पाठवत तर नाही ना? मोबाईलवर हे फार होते. तिसरी, कोणी दिला? हवामान खाते, जिल्हाधिकारी, वन खाते, यांचे नाव आहे का? चौथी, रंग. हिरवा म्हणजे काळजी नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयार राहा. लाल म्हणजे संकट आले, आता हालचाल करा. लाल रंगाला डोंगर चढू नये. देव कुठे जात नाही, गडही कुठे जात नाही.

ऊन सोडून दुसऱ्याही बातम्या पाहाव्या. वणवा लागला आहे का? वाळल्या गवताला एक विडी पुरते. वाटेवर आग्या मोहोळ उठले आहे का? धूर झाला की माश्या चवताळतात. पावसाळ्यात दरड कोसळल्याने वाट बंद आहे का? मनाई हुकूम आहे का? पायथ्याच्या गावातील माणसालाही विचारावे. डोंगराची ताजी बातमी त्याच्याजवळ असते.

उन्हाचा झटका बसला तर

चालताना तहान लागायची वाट पाहू नये. थोडे थोडे पाणी पीत राहावे. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागते, हे धरून पाणी घ्यावे. डोके दुखणे, चक्कर, मळमळ, पायात गोळे ही पहिली लक्षणे. तेव्हाच सावलीत बसावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते घोट घोट प्यावे.

माणूस भलतेच बोलू लागला, अंग फार तापले, शुद्ध हरपली, तर हा उन्हाचा झटका समजावा. त्याला सावलीत निजवावे. कपडे सैल करावे. अंग ओले करून वारा घालावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासात जाते. १०८ क्रमांकाला फोन करून गाडी बोलवावी.

आता तुम्ही वाचा

खाली एक सूचना दिली आहे. ती आम्ही या धड्यासाठी तयार केली आहे. पायथ्याला अशा पाट्या असतात. मोठ्याने वाचा.

"सूचना. बुधवार ते शुक्रवार उष्णतेची लाट राहील. इशारा नारिंगी. दुपारी १२ ते ४ डोंगर चढू नये. वरच्या टाक्यांतील पाणी आटले आहे. पाणी सोबत न्यावे. गवत वाळले आहे. विडी-काडी पेटवू नये."

वाचलीत? एक शब्द अडला तरी हरकत नाही. मावशींचाही अडला होता. त्यांनी तो विचारला, म्हणून आम्ही थांबलो. पुढच्या वेळी शिदोरी बांधाल तेव्हा कागद आधी वाचा, मग भाकरी गुंडाळा. बरोबरच्या माणसालाही वाचून दाखवा. त्याला कदाचित वाचता येत नसेल.

प्रश्न

१. पूर्वेकडच्या डोंगरांवर उन्हाळ्यात पाणी का मिळत नाही?
२. मावशींनी कोणता शब्द विचारला? त्याचा अर्थ काय?
३. वरील सूचना कोणत्या दिवसांसाठी आहे? गुरुवारी गड चढायचा तर किती वाजता निघाल?
४. बेशुद्ध माणसाला पाणी का पाजू नये?
५. या आठवड्यातील वर्तमानपत्रात हवामानाची बातमी शोधा. त्यातील गाव, तारीख, खात्याचे नाव आणि रंग वहीत लिहा.