रक्तातील पहारेकरी

मनुष्याच्या रक्तात तांबड्या पेशींबरोबर पांढऱ्या पेशीही असतात, हे आपण वर्गात शिकलेलेच आहो. त्यांतील टी-पेशी म्हणजे देहनगरीचे पहारेकरी होत. बाहेरून शिरणाऱ्या रोगजंतूंशी त्या झुंजतात. परंतु कर्करोगाची पेशी आपल्याच देहात जन्म घेते व घरच्या माणसाच्या वेशात वावरते. त्यामुळे पहारेकरी पुष्कळदा फसतो. रक्ताच्या कित्येक कर्करोगांत बी-पेशी नावाच्या पेशी बिघडतात. औषधांनी दबलेला असा रोग पुन्हा उलटला, म्हणजे पूर्वी वैद्यांपाशी फारसा इलाज उरत नसे.

या पहारेकऱ्यास चोर ओळखावयास शिकविता येईल काय? जनुकोपचाराने ते साधले आहे. जनुक म्हणजे पेशीच्या अंतरंगात लिहिलेली आज्ञाच. प्रथम रुग्णाचे रक्त यंत्रातून फिरवून त्यातील टी-पेशी वेगळ्या काढतात. मग निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या द्वारे त्यांच्यात एक नवे जनुक घालतात. त्याच्या योगाने, बी-पेशींवर असणारी ‘सीडी-१९’ नावाची खूण टी-पेशींना ओळखता येऊ लागते. या शिकविलेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून रुग्णाच्या शिरेतून त्यास परत देतात. या पद्धतीस ‘कार-टी’ असे म्हणतात.

अमेरिकेत अशा पहिल्या औषधास ऑगस्ट २०१७ मध्ये परवानगी मिळाली. त्याची किंमत ४,७५,००० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने तीन कोटी रुपयांहून अधिक होती. विद्या सिद्ध झाली खरी. परंतु सामान्य गृहस्थाच्या दृष्टीने ती असून नसल्यासारखीच होती.

यावरचा उपाय आपल्या ठाण्याच्या शेजारीच निघाला, ही आनंदाची गोष्ट होय. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत डॉ. राहुल पुरवार यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जनुक तयार केले. टाटा स्मारक केंद्राचे डॉ. हसमुख जैन व डॉ. गौरव नरुला प्रभृती वैद्यांनी रुग्णांवरील परीक्षेचे काम अंगावर घेतले. २०१८ साली पवईच्या संस्थेतूनच ‘इम्युनोॲक्ट’ ही कंपनी निघाली. २०२१ साली खाडीपलीकडील खारघर येथे पहिल्या रुग्णास हा उपचार मिळाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारत सरकारने या ‘नेक्सकार-१९’ औषधास विक्रीची परवानगी दिली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवई येथे त्याचे लोकार्पण केले. जनुक वाहून नेणारा विषाणू परदेशातून विकत न आणता येथेच तयार केल्यामुळे खर्च पुष्कळ उतरला, व किंमत तीस ते चाळीस लाख रुपयांच्या घरात आली.

मात्र हा रामबाण उपाय आहे, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, ज्यांच्या गुणाची मोजदाद करता आली अशा रुग्णांपैकी शेकडा ७३ जणांना गुण आला. बाकीच्यांना आला नाही. उपचारानंतर तीव्र ताप येणे, रक्तपेशी घटणे व जंतुसंसर्ग होणे यांचा धोका असतो. हा उपचार बी-पेशींच्या कर्करोगापुरताच, तोही इतर औषधांना दाद न देणाऱ्या किंवा उलटलेल्या रोगापुरता आहे. शिवाय २०२३ ची परवानगी पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या रुग्णांसाठीच होती. म्हणून पालकांस एक विनंती आहे. लहान मुलांचा रक्ताचा कर्करोग पुष्कळदा नेहमीच्या औषधांनीच बरा होतो. बरे वाटू लागले म्हणून तो उपचार अर्ध्यावर कधीही सोडू नये.

तीन कोटींवरून तीस लाखांवर येणे ही थोर मजल होय. तरी टेंभी नाक्याच्या परिसरातील आपल्यापैकी किती कुटुंबे तीस लाख उभे करू शकतील? प्रभूच्या दृष्टांतातील शोमरोनी केवळ जखमा बांधून थांबला नाही. त्याने जखमी वाटसरूस उतारशाळेत नेले आणि तेथील खर्चही आपल्या पदरचा दिला. रोग्यास औषध शोधून देणे हे दयेचे अर्धे काम. ते त्याच्या आवाक्यात आणून देणे हे उरलेले अर्धे. पवई व खारघर येथील विद्वानांनी पहिले काम केले, दुसऱ्याचाही आरंभ केला. ते पुरे करणारे कोणी आज आपल्याच वर्गांतील बाकांवर बसलेले असतील. त्यांनी जीवशास्त्राचा धडा केवळ परीक्षेपुरता वाचू नये, एवढेच सांगणे आहे.