भूक चांगली, तरी वजन का उतरतं?

प्रश्न : माझं वय 44. पाच महिन्यांत वजन 62 वरून 56 किलोवर आलं. डाएट केलेलं नाही, उलट भूक वाढली आहे. सगळे म्हणतात, बारीक झालीस, छान दिसतेस. काळजी करावी का?

उत्तर : ताई, तपासणी नक्की करा. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत पाच टक्क्यांहून अधिक वजन घटलं, तर कारण शोधायलाच हवं. तुमचं जवळपास दहा टक्के घटलं आहे.

भूक असूनही वजन उतरतं, तेव्हा पहिला संशय थायरॉईड आणि मधुमेहावर. हात पुढे ताणून बोटांवर कागद ठेवा. तो थरथरतो का? धडधड, घाम, उकाडा सहन न होणं, पाळीचा स्राव कमी होणं ही थायरॉईड वाढल्याची लक्षणं. बायका ती ‘पाळी जायचं वय’ म्हणून अंगावर काढतात, याचं फार वाईट वाटतं. तहान, लघवी वाढली असेल तर साखर पाहा. थायरॉईडसाठी टीएसएच आणि साखरेसाठी एचबीए1सी या रक्ततपासण्यांपासून सुरुवात करा.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला किंवा संध्याकाळचा बारीक ताप असेल, तर क्षयाची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. स्तनात गाठ, शौचातून रक्त किंवा सतत फुगलेलं पोट असेल, तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. मन उदास असेल, झोप उडाली असेल, तर तेही त्यांना सांगा.