संध्याकाळपर्यंत देतो

चेन तुटली तेव्हा वेग जेमतेम तीस होता. तुटलेली चेन पुढच्या स्प्रॉकेटभोवती गोळा झाली आणि वडिलांच्या १९६८च्या जावा मोटारसायकलच्या इंजिन-केसिंगला बोटभर चीर गेली. जावाचा म्हैसूरचा कारखाना १९९६मध्येच बंद पडलेला. जुन्या बाजारात केसिंगचा एक भाग मिळतो, पण दोन्ही भाग मुळात जोडीनं बोअर केलेले. एका जोडाची डावी चप्पल दुसऱ्या जोडाच्या उजवीला चालत नाही. म्हणजे दुरुस्तीच.

कोल्हापुरात राहणाऱ्याला वेल्डरची काय वाण? उद्यमनगरात एकानं ‘संध्याकाळपर्यंत देतो’ म्हटलं. रविवारी गाडी काढायची होती, मीही केसिंग पेट्रोलनं पुसून त्याच्या हातात दिलं.

तेल मुरलेलं ओतीव अॅल्युमिनियम म्हणजे लोणच्याची बरणी, वरून कितीही पुसा. टाका पडला की काळे बुडबुडे यायचे. तो घासायचा, पुन्हा भरायचा. पाच-सहा वेळा तापलं. शिवाय हा धातू लोखंडासारखा लाल होऊन इशारा देत नाही. शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, ओतीव मिश्रधातू त्याआधीच. उष्णतेनं केसिंगचा जोडपृष्ठभाग वाकला. जाड काचेवर पालथं ठेवलं असतं तर फट दिसली असती. मी ठेवलं नाही. पॅकिंगला सिलंट थापलं आणि मोकळा झालो.

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-तेलाचं मिश्रण आधी याच केसिंगमध्ये, म्हणजे क्रँककेसमध्ये येतं. जोडाच्या फटीतून हवा ओढली गेली की मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि वंगणही कमी पडतं. कागलच्या अलीकडे मागचं चाक घासत गेलं, तेव्हा पिस्टन सिलिंडरला चिकटला होता.

दुसऱ्या कारागिरानं आठ दिवस मागितले. गॅसच्या मंद ज्योतीनं त्यानं केसिंग शेकलं, तर जुनं तेल घामासारखं थेंबाथेंबानं बाहेर आलं! पुसून पुन्हा शेकलं. आधीचं वेल्डिंग कोरून काढलं, चीर पुढे पळू नये म्हणून टोकांना बारीक भोकं पाडली. जुनी बेअरिंगं बसवून दोन्ही भाग बोल्टनं आवळले आणि मगच आर्गनचे छोटे टाके मारले, मध्ये थांबत. रात्रभर कोरड्या राखेत ठेवून सकाळी सरफेस प्लेटवर निळा रंग लावून पृष्ठभाग तपासला.

केसिंग सोडण्याआधी वेल्डरला एवढंच विचारा: तेल कसं काढणार, आणि दोन्ही भाग आवळून घेणार का? तो हसला तर पार्ट उचलून घरी या. पेट्रोलची टाकी तर ‘रिकामीच आहे’ म्हणून ज्योतीजवळ नेऊच देऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफच पेटते.

पहिल्या वेल्डिंगचे मी चारशे रुपये दिले होते. बोअरिंग, पिस्टन, बेअरिंगं धरून दुसऱ्या खेपेचे झाले साडेनऊ हजार.