खेळाडूपण सोडू नकोस, पण होकार दे

चि. रेवती,


कॉलेजने मुलींच्या बास्केटबॉल संघाचं प्रशिक्षकपद देऊ केलंय आणि तू अजून उत्तर दिलेलं नाहीस, हे दादाकडून कळलं. ‘माझं खेळणं संपलेलं नाही, आत्तापासून बाकावर कशाला बसू?’ असं म्हणालीस म्हणे. मी आयुष्यभर शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजवली, कॉलेजचा संघ कधी सांभाळला नाही. म्हणून माझं न सांगता अमेरिकेच्या डॉन स्टेलीचं सांगते, जी आधी खेळाडू होती आणि मग प्रशिक्षक झाली. तिचं नाव तुला ठाऊक असेल, पण तिच्या कारकिर्दीचा मधला भाग कुणी नीट वाचत नाही.

स्टेली उत्तर फिलाडेल्फियातल्या सरकारी घरकुलांच्या वस्तीत वाढली. उंची जेमतेम साडेपाच फूट, आणि तुझ्यासारखीच पॉइंट गार्ड. व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना १९९०, ९१ आणि ९२ अशी लागोपाठ तीन वर्षं तिचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत पोचला, पण विजेतेपद एकदाही मिळालं नाही. १९९१चा अंतिम सामना जादा वेळेत गेला आणि टेनेसीकडून त्या ७०-६७ अशा हरल्या. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू म्हणून मात्र हरलेल्या संघातल्या स्टेलीलाच निवडलं. पुढे ऑलिंपिकची तीन सुवर्णपदकं झाली, २००४ला अथेन्समध्ये अमेरिकेचा ध्वज तिच्या हातात होता.

२००० साली टेम्पल विद्यापीठाने तिला विचारलं तेव्हा तिलाही प्रशिक्षक व्हायचं नव्हतं. तरी तिने ते काम घेतलं आणि खेळणंही सोडलं नाही. तिकडे कॉलेजचा मोसम हिवाळ्यात असतो आणि डब्ल्यूएनबीए ही महिलांची व्यावसायिक लीग उन्हाळ्यात, म्हणून ते जमलं. २००१ साली ती शार्लट संघाकडून लीगच्या अंतिम फेरीत खेळली तेव्हा टेम्पलमधला तिचा पहिला मोसम आटोपलेला होता. २००६पर्यंत तिने दोन्ही सांभाळलं. आपल्याकडे वेळापत्रक इतकं शहाणं नसतं. आंतरमहाविद्यालयीन सामने आणि राज्य निवड चाचणी एकाच आठवड्यात येणार हे धरूनच चाल. तेव्हा जिमखान्याकडून तारखा माग आणि कोणत्या दिवशी तू नसशील ते आधीच सांगून टाक. ऐन सामन्याच्या सकाळी कळवलंस तर मुली पुन्हा विश्वास ठेवणार नाहीत.

तुझी खरी पंचाईत वेगळीच होणार आहे. मोकळी झालेली मुलगी तुला न बघता दिसते. तुझ्या संघातल्या गार्डला ती समोर उभी असूनही दिसणार नाही, आणि तुला चीड येईल. जे आपल्याला सहज जमतं ते शिकवणं सर्वांत अवघड. आधी स्वतःच्या खेळाचे तुकडे पाड: चेंडू हातात यायच्या आधी तू कुठे बघतेस, पाय कधी वळवतेस, कुणाच्या खांद्यावरून अंदाज घेतेस. हे वहीत उतरव. सांगता येत नसेल तर तुला ते अजून पुरतं कळलेलं नाही असं समज.

आणि हरायची तयारी ठेव. टेम्पलला सहा वेळा राष्ट्रीय स्पर्धेत नेल्यावर २००८ साली स्टेली साउथ कॅरोलायना विद्यापीठात गेली. पहिल्या मोसमात १० विजय, १८ पराभव. आपल्या गटातल्या विद्यापीठांशी झालेल्या १४ सामन्यांपैकी जिंकले फक्त दोन. तिच्या हाताखाली हा संघ राष्ट्रीय स्पर्धेत आला तो २०१२ साली, आणि विजेतेपद २०१७ला, म्हणजे नवव्या मोसमात. मधल्या वर्षांत ती घरोघरी जाऊन खेळाडू मिळवत होती. त्यांतलीच एक एजा विल्सन, विद्यापीठाच्या गावाजवळचीच मुलगी. देशभरच्या मोठ्या विद्यापीठांनी तिला बोलावलं होतं, पण ती घराजवळ राहिली. तुला तिच्यासारख्या शिष्यवृत्त्या देता येणार नाहीत, पण तालुक्याच्या शालेय स्पर्धा बघायला तर जाता येईल. प्रवेशअर्ज भरून जी येईल तिच्यावरच संघ उभा करायचा, ही आपल्याकडची सवय मोड.

‘खेळाडू म्हणून राहिलेलं विजेतेपद तिने प्रशिक्षक होऊन मिळवलं’ असं लोक कौतुकाने लिहितात. मला ते वाक्य धोक्याचं वाटतं. भारतीय संघाच्या शिबिरातून तुझं नाव वगळलं गेलं, ते अजून तुला खुपतं हे मला माहीत आहे. तो हिशेब अठरा वर्षांच्या पोरींच्या डोक्यावर ठेवू नकोस. कॉलेजचा संघ तर हातात राहतही नाही. २०२३ला स्टेलीचा संघ सलग ३६ सामने जिंकून उपांत्य फेरीत आयोवाकडून हरला, आणि सुरुवातीला उतरणाऱ्या पाचही जणी कॉलेज संपवून गेल्या. पुढच्या वर्षी नव्या पाच जणींना घेऊन ती ३८ सामने खेळली आणि सगळे जिंकली. अंतिम सामन्यात समोर आयोवाच होतं. पण आदल्या वर्षीचं उट्टं काढायला जुन्या पाचांपैकी कुणी मैदानावर नव्हतीच.

आणि ही वाट एकटीने चालू नकोस. कॅरोलिन पेक या कृष्णवर्णीय प्रशिक्षिकेने १९९९ साली पर्ड्यू विद्यापीठाला विजेतेपद मिळवून दिलं होतं. त्या वेळी विजयाची खूण म्हणून कापलेल्या बास्केटच्या जाळीचा तुकडा तिने पुढे स्टेलीला दिला. स्टेलीनेही आपल्या २०१७च्या जाळीचे तुकडे पुढे इतर कृष्णवर्णीय महिला प्रशिक्षकांना पाठवले. आपल्याकडे मुलींच्या संघाच्या बाकावरही पुरुषच जास्त दिसतात. तेव्हा जिल्ह्यात एखादी ज्येष्ठ प्रशिक्षिका असेल तर तिला आत्ताच जाऊन भेट, पहिला पराभव झाल्यावर नको.

राहिलं पैशाचं. २०२१ साली स्टेलीने सात वर्षांसाठी दोन कोटी चोवीस लाख डॉलरचा करार केला. आकडा वाचून हसू नकोस. आपल्याकडे ‘मानधनाचं बघू नंतर’ म्हणतात आणि मुलगी लाजून गप्प बसते. मुलांच्या संघाच्या प्रशिक्षकाला काय देतात ते विचार आणि तेवढंच माग. सरावाचे तास, मैदान कधी मोकळं मिळणार, मुलींच्या प्रवासाचा खर्च कोण करणार, हेही लिहून घे.

होकार दे, पण सही करण्याआधी तो कागद मला पाठव.

तुझी,
आत्या