विरल मृत्तिका आणि राष्ट्राची सुरक्षितता

विरल मृत्तिका या गटात 17 मूलद्रव्यांचा समावेश होतो. नाव विरल असले, तरी भूकवचात ती फारशी दुर्मिळ नाहीत. त्यांचे रासायनिक गुणधर्म जवळजवळ सारखे असल्यामुळे त्यांना परस्परांपासून अलग करणे मात्र अतिशय कष्टाचे असते.

बंगळूरसारख्या नगरीला या धातूंचे महत्त्व विशेष आहे. 1940 साली येथे विमानांचा कारखाना निघाला; पुढे भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे मुख्यालयही येथेच आले. उच्च तापमानातही चुंबकत्व टिकवणारे समॅरियम-कोबाल्टचे चुंबक विमाने व क्षेपणास्त्रे यांना लागतात. विजेवर चालणाऱ्या वाहनांना निओडिमियमचे.

केरळ, तमिळनाडू व ओडिशा यांच्या किनाऱ्यावरील वाळूत मोनॅझाइट हे खनिज विपुल आहे. त्यासाठी 1950 मध्ये इंडियन रेअर अर्थ्‌स ही कंपनी स्थापन झाली. तथापि ऑक्साइडापासून धातू आणि धातूपासून चुंबक बनविण्याचा उद्योग देशात तोकडाच राहिला. शिवाय या मोनॅझाइटात डिस्प्रोसियम व टर्बियम यांचे प्रमाण अत्यल्प असते.

एप्रिल 2025 मध्ये चीनने 7 मूलद्रव्यांच्या व त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा भारतीय वाहन-उद्योग अडचणीत आला. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्र शासनाने देशातच चुंबक बनविण्यासाठी 7,280 कोटी रुपयांची योजना मंजूर केली.

तात्पर्य, खनिजाचा साठा ही केवळ संपत्ती होय. त्याचे चुंबकात रूपांतर करण्याचे सामर्थ्य हीच खरी सुरक्षितता.