पंडिता रमाबाई : प्रौढ वयातील भाषाशिक्षण आणि मराठीचे भान

प्रौढ वयात परभाषा शिकणाऱ्याच्या मनात एक भाषा आधीच रुजलेली असते. नवी भाषा तिच्याच आधाराने आत्मसात होते. परंतु त्या पहिल्या भाषेकडे नव्याने पाहण्यासही ती भाग पाडते. या दृष्टीने पंडिता रमाबाईंचे (१८५८-१९२२) उदाहरण अभ्यसनीय आहे.

कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ मध्ये ज्यांना ‘सरस्वती’ ही पदवी दिली, त्या रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात इंग्रजीचे धडे घेण्यास प्रारंभ केला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. १८८७ मध्ये त्यांचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झाले. मात्र १८८९ मध्ये अमेरिकेची लोकस्थिती वर्णिताना त्यांनी मराठीच योजली. स्वसमाज परभाषेत आणि परसमाज स्वभाषेत मांडण्याचा हा दुहेरी व्यवहार लक्षणीय आहे.

पुढे केडगाव येथे बायबलच्या भाषांतरासाठी त्यांनी हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द सामान्य स्त्रियांना दुर्बोध होते. शिवाय त्यांना हिंदू तत्त्वविचाराचे अर्थ चिकटलेले होते. म्हणून रमाबाईंनी साध्या, बोलीला जवळच्या मराठीचा आग्रह धरला. हे संपूर्ण भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

संस्कृतचा त्याग येथे अज्ञानातून नव्हे, अधिकारातून घडला आहे. रमाबाईंच्या भाषाशिक्षणाचे मोल त्यांना किती भाषा अवगत होत्या यावरून ठरत नाही. त्या भाषांनी त्यांना कोणत्या मराठीपर्यंत आणून पोचविले, यावरून ते ठरते.